‘इतर परिस्थिती कायम असताना’ : सोपाधिक नियम आणि अपवादांचा प्रश्न

अर्थशास्त्राच्या मराठी क्रमिक पुस्तकांत मागणीचा नियम ज्या वाक्यात सांगितलेला असतो, त्या वाक्याची सुरुवात बहुधा एकाच पदसमूहाने होते : ‘इतर परिस्थिती कायम असताना’. वस्तूची किंमत वाढली असता तिची मागणी घटते आणि किंमत घटली असता मागणी वाढते, हा नियमाचा गाभा त्यानंतर येतो. पुढच्या पानावर ‘नियमाची गृहीतके’ आणि त्यानंतर ‘नियमाचे अपवाद’ अशा दोन याद्या असतात. विद्यार्थी तिन्ही गोष्टी पाठ करतो. ज्या विधानाला आरंभीच अट घातलेली आहे, त्याला पुन्हा अपवाद कसे असू शकतात, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. इतर परिस्थिती कायम राहिली नाही म्हणून नियम लागू पडला नाही, तर तो अपवाद नव्हे. नियमाने त्या प्रसंगाबद्दल काही म्हटलेलेच नव्हते. आणि इतर परिस्थिती कायम असूनही नियम लागू पडला नाही, तर तो अपवाद नसून नियमाचे खंडन होय. मग अपवादांच्या यादीत उरते काय?

वरवर शाब्दिक वाटणारी ही शंका विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील एका दीर्घकालीन वादाच्या मुळाशी आहे. लॅटिन ‘सेटेरिस पॅरिबस’ या पदसमूहाने बांधलेले नियम खरोखर नियम या संज्ञेस पात्र आहेत काय, असा तो वाद आहे. त्याचे स्वरूप मांडणे आणि त्यात सुचविल्या गेलेल्या मार्गांची मागणीच्या नियमाच्या आधारे चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंतुकाची कोंडी

निसर्गनियम सार्वत्रिक व निरपवाद असावा, ही अपेक्षा जुनी आहे. ‘सर्व अ हे ब असतात’ असे विधान एका विरुद्ध उदाहरणानेही असत्य ठरते. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मानसशास्त्र व अर्थशास्त्र यांतील बहुतेक नियमांना विरुद्ध उदाहरणे सापडतात, तरीही त्या शास्त्रांतील अभ्यासक ते नियम टाकून देत नाहीत. ते ‘इतर परिस्थिती समान असल्यास’ असे एक परंतुक जोडतात. येथे कोंडी निर्माण होते. परंतुक वगळले तर नियम असत्य ठरतो. परंतुक ठेवले आणि त्यात काय काय अंतर्भूत आहे हे सांगितले नाही, तर ‘नियम लागू पडतो, जेथे तो लागू पडत नाही ती स्थळे वगळून’ एवढाच त्याचा अर्थ उरतो. असे विधान कधीच असत्य ठरू शकत नाही, कारण ते काहीच सांगत नाही. म्हणजे नियम एक तर असत्य, नाही तर रिक्त.

१९९१ साली ‘माइंड’ या नियतकालिकात स्टीफन शिफर यांनी ही कोंडी मानसशास्त्राच्या संदर्भात मांडली. परंतुकयुक्त वाक्य नेमके कोणते विधान व्यक्त करते हेच सांगता येत नसेल, तर ते नियम व्यक्त करते असे म्हणण्याला आधार राहत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात जेरी फोडर यांनी उत्तर दिले. त्यांच्या मते विशेष शास्त्रांचे नियम खालच्या पातळीवरील यंत्रणांद्वारे घडून येतात. त्या यंत्रणेतील जो घटक उपस्थित असता नियमाची पूर्तता होते, त्याचे वर्णन त्या शास्त्राच्या परिभाषेत करता येत नाही इतकेच. म्हणून तो घटक अस्तित्वात नाही असे होत नाही. फोडर यांचे उत्तर धीर देणारे आहे, परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग थोडा. ग्राहकाच्या मेंदूतील कोणती अवस्था नियमाची पूर्तता करते, हे कळल्याने गिफेनच्या वस्तूचे कोडे सुटत नाही.

‘कायम’ आणि ‘निर्वेध’

या वादातील बराच गोंधळ एकाच पदसमूहाने दोन भिन्न अटी सुचविल्या गेल्यामुळे झाला आहे. गेरहार्ट शुर्झ यांनी २००२ साली ‘एर्केंटनिस’ या नियतकालिकाच्या याच विषयावरील विशेषांकात या दोन अर्थांची फोड केली. पहिला अर्थ तौलनिक होय : इतर घटक कोणतेही असोत, ते बदलू नयेत, तसे झाल्यास एका घटकातील बदलाबरोबर दुसऱ्या घटकात अमुक बदल होतो. दुसरा अर्थ व्यावर्तक होय : अडथळा आणणारे घटक मुळात नसावेत. पहिल्या अर्थी घटक स्थिर असणे पुरेसे आहे, दुसऱ्या अर्थी ते अनुपस्थित असावे लागतात.

मराठीत रूढ झालेला ‘कायम’ हा शब्द यांपैकी पहिला अर्थ नेमका पकडतो. दुसरा अर्थ त्यात येत नाही. उंच जागेवरून सोडलेला दगड खाली पडतो, हे विधान ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या पदसमूहाने सुरू केले तर ते विचित्र वाटते. तेथे ‘कोणी मध्येच झेलला नाही तर’ असे म्हणावे लागते. झेलणारा हात कायम जागेवर असला तरी दगड जमिनीवर पडत नाही. शब्दयोजनेतील हा फरक क्षुल्लक नाही. क्रमिक पुस्तकांत गृहीतकांची यादी तौलनिक अर्थाने तयार केलेली असते (उत्पन्न, आवडीनिवडी, पर्यायी वस्तूंच्या किमती, भावी किमतींविषयीची अपेक्षा यांत बदल होऊ नये), तर अपवादांच्या यादीत दोन्ही अर्थ सरमिसळ झालेले आढळतात. अनेक पुस्तकांत ‘भविष्यात किमती वाढण्याची अपेक्षा’ हा एक अपवाद म्हणून दिलेला असतो. परंतु अपेक्षा बदलू नयेत हे आधीच्याच पानावर गृहीत धरलेले आहे. ज्या प्रसंगी ते गृहीतक मोडते, तो प्रसंग नियमाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्याला अपवाद म्हणणे ही वर्गीकरणातील चूक होय. ग्राहकाचे अज्ञान किंवा जास्त किमतीचा माल उत्तमच असणार हा समज, हे व्यावर्तक अर्थाने अडथळे आहेत. प्रतिष्ठेच्या वस्तूंचे प्रकरण वेगळे आहे. तेथे किंमत हाच वस्तूच्या आकर्षणाचा भाग बनतो, म्हणजे किंमत बदलून ‘आवड’ कायम ठेवता येत नाही. सर्वांत महत्त्वाचा प्रकार मात्र गिफेनचा आहे. त्यावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे.

गिफेनचा विरोधाभास

आल्फ्रेड मार्शल यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९० साली प्रसिद्ध झाली. रॉबर्ट गिफेन यांच्या नावाचा उल्लेख १८९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत येतो. पावाची किंमत वाढली की गरीब मजूर कुटुंबाच्या मिळकतीवर एवढा ताण पडतो की, त्याला मांसासारखे महाग अन्न कमी करावे लागते. आणि पाव महागला तरी तोच सर्वांत स्वस्त अन्न असल्यामुळे त्याचा खप घटण्याऐवजी वाढतो, असा त्या उल्लेखाचा आशय आहे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४७ साली या प्रकरणाचा शोध घेतला, तेव्हा गिफेन यांच्या स्वतःच्या लेखनात हा दाखला त्यांना मिळाला नाही. पुढे क्रमिक पुस्तकांतून रूढ झालेला आयर्लंडच्या बटाट्याचा दाखला तर आणखी कच्चा आहे. १८४५ नंतरच्या दुष्काळात बटाट्याचे पीकच रोगाने बुडाले होते. उपलब्ध साठाच घटलेला असताना लोकांनी एकूण बटाटे जास्त खाल्ले असे म्हणणे जुळत नाही, ही गोष्ट जेराल्ड ड्वायर व कॉटन लिंडसे यांनी १९८४ साली निदर्शनास आणली. मराठी पुस्तकांत ज्वारी-बाजरीचा दाखला दिला जातो. तेथे ‘निकृष्ट वस्तू’ आणि ‘गिफेन वस्तू’ यांची गल्लत होते. उत्पन्न वाढल्यावर ज्या वस्तूची मागणी घटते ती निकृष्ट. ती गिफेन वस्तू ठरण्यासाठी तिच्यावर कुटुंबाच्या खर्चाचा फार मोठा वाटा जात असला पाहिजे आणि तिच्याहून स्वस्त पर्याय उपलब्ध नसला पाहिजे. (शहरातील बाजारात ज्वारीचा भाव अनेकदा गव्हाच्या वर गेलेला दिसत असताना तिला निकृष्ट वस्तूंच्या यादीत ठेवणे हे पुस्तकी सातत्याचे उदाहरण म्हणता येईल.)

दाखले असे डळमळीत असल्यामुळे गिफेन वस्तू ही केवळ तार्किक शक्यता आहे, असे मानण्याकडे दीर्घकाळ कल होता. रॉबर्ट जेन्सन व नोलन मिलर यांनी २००८ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने तो बदलला. चीनच्या हुनान प्रांतात तांदूळ आणि गान्सू प्रांतात गहू हे मुख्य अन्न आहे. या प्रांतांतील गरीब कुटुंबांना मुख्य अन्नाच्या खरेदीवर काही महिने सवलत देण्यात आली. हुनानमध्ये सवलत मिळालेल्या कुटुंबांनी तांदूळ कमी खाल्ला आणि सवलत थांबल्यावर पुन्हा जास्त खाल्ला. गान्सूमध्ये आढळलेला पुरावा तुलनेने क्षीण होता. लक्षणीय गोष्ट अशी की, हुनानमध्येही सर्वांत दरिद्री कुटुंबांत हे वर्तन आढळले नाही. ज्यांच्या ताटात मुख्य अन्नाखेरीज कमी करण्यासारखे दुसरे काही नाही, त्यांना किंमत वाढल्यावर ते अन्न कमीच करावे लागते. अपवादाच्या पोटात पुन्हा नियम डोके वर काढतो तो असा.

या प्रयोगात इतर परिस्थिती कायम होती काय? उत्पन्न, आवड, अन्य वस्तूंच्या किमती यांत प्रयोगामुळे काही बदल झाला नव्हता. तौलनिक अर्थाने अट पाळली गेली होती आणि तरीही मागणी किमतीच्या दिशेनेच हलली. म्हणजे येथे ‘इतर परिस्थिती बदलली होती’ ही पळवाट उपलब्ध नाही. मग नियम खोटा ठरला म्हणावयाचे काय?

उत्तर ‘इतर’ या शब्दात काय धरले आहे यावर अवलंबून आहे. युजेन स्लुट्स्की यांनी १९१५ साली आणि पुढे जॉन हिक्स व रॉय ॲलन यांनी १९३४ साली किमतीतील बदलाच्या परिणामाचे दोन भाग पाडले : पर्यायता परिणाम आणि उत्पन्न परिणाम. तांदूळ स्वस्त झाला की अन्य वस्तूंच्या तुलनेत तो आकर्षक होतो, हा पहिला. हातातील पैशाची क्रयशक्ती वाढते आणि कुटुंब थोडे सधन होते, हा दुसरा. पहिला परिणाम नेहमी किमतीच्या विरुद्ध दिशेने असतो. दुसरा कोणत्याही दिशेने असू शकतो आणि निकृष्ट वस्तूच्या बाबतीत तो इतका मोठा असू शकतो की पहिल्यावर मात करतो. तेव्हा ‘पैशातील उत्पन्न कायम असताना’ असे परंतुक घातले तर मागणीच्या नियमाला गिफेनचा खरा अपवाद आहे. ‘वास्तव उत्पन्न कायम असताना’ असे परंतुक घातले तर, ग्राहक आपल्या पसंतीक्रमानुसार सुसंगतपणे निवड करतो एवढे मान्य केल्यावर, नियम निरपवाद आहे. दोन्ही परंतुके मराठीत ‘इतर परिस्थिती कायम असताना’ अशीच वाचली जातात. मिल्टन फ्रीडमन यांनी १९४९ साली असा दावा केला की, खुद्द मार्शल यांनाही वास्तव उत्पन्न कायम ठेवणारा अर्थच अभिप्रेत होता. या वाचनात मार्शल यांचा गिफेनविषयीचा उतारा अडचणीचा होतो हे उघड आहे. इतिहासकार म्हणून फ्रीडमन बरोबर असोत वा नसोत, तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने त्यांच्या लेखाने एक गोष्ट उघडी केली. अपवाद ही एकट्या वस्तुस्थितीची मालमत्ता नाही. कोणत्या घटकांना ‘इतर’ मानावयाचे, हे ठरल्यावाचून अपवाद आहे की नाही हे ठरत नाही.

यातून कोणी असे म्हणेल की, मग प्रत्येक नियम वाचविता येईल. अडचणीचा घटक दिसताच त्याला ‘इतर’ मध्ये ढकलावे की झाले. हिक्स-ॲलन यांनी मात्र तसे केलेले नाही. त्यांनी बाजूला काढलेल्या उत्पन्न परिणामाला स्वतंत्र अस्तित्व आहे. किंमत न बदलता केवळ उत्पन्न बदलले तर तो वेगळा मोजता येतो. गिफेन वस्तू कोठे सापडेल आणि कोठे सापडणार नाही, याचे भाकीतही त्यावरून करता येते. अतिदरिद्री कुटुंबांत ती सापडू नये, हे असेच एक भाकीत होते.

युरेनस, बुध आणि लोहमार्ग

ही समस्या केवळ सामाजिक शास्त्रांची आहे आणि भौतिकशास्त्र तिच्यापासून मुक्त आहे, हा समज कार्ल हेम्पेल यांच्या १९८८ सालच्या परंतुकांविषयीच्या लेखाने ढासळला. दोन चुंबकपट्ट्या बारीक दोऱ्याने जवळजवळ टांगल्या तर त्या विशिष्ट रीतीने स्थिरावतील, हे भाकीत चुंबकत्वाच्या सिद्धान्तावरून करता येते. परंतु वाऱ्याचा झोत आला, शेजारी प्रबळ चुंबक असला, तर ते चुकते. वाऱ्याचा उल्लेख चुंबकत्वाच्या सिद्धान्तात नाही आणि त्या सिद्धान्ताच्या परिभाषेत तो करताही येत नाही. सिद्धान्ताकडून निरीक्षणाकडे जाणाऱ्या प्रत्येक अनुमानात अशी परंतुके दडलेली असतात.

जॉन इअरमन व जॉन रॉबर्ट्स यांनी १९९९ साली यावर घेतलेला आक्षेप मार्मिक आहे. परंतुक सिद्धान्ताच्या उपयोजनात आहे, नियमात नाही, असे ते म्हणतात. गुरुत्वाकर्षणाचा नियम दोन वस्तूंमधील गुरुत्वबल किती हे सांगतो. त्या वस्तू प्रत्यक्षात कशा हलतील हे तो एकटा सांगतच नाही, त्यासाठी त्यांच्यावरील सर्व बलांची बेरीज करावी लागते. तेव्हा अन्य बल उपस्थित असल्याने नियमाला बाध येत नाही. हा आक्षेप नॅन्सी कार्टराइट यांच्या १९८३ सालच्या ग्रंथातील प्रतिपादनालाही लागू पडतो. वस्तू विद्युत्भारित असेल तर तिच्यावरील प्रत्यक्ष बल गुरुत्वनियमाने सांगितलेले नसते, म्हणून नियम वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून असत्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. घटकबले खरी मानली तर हा निष्कर्ष टळतो. कार्टराइट ती खरी मानावयास राजी नव्हत्या, हा वेगळा वाद आहे.

ग्रहगणिताच्या इतिहासात दोन्ही बाजूंना पुरेल इतकी सामग्री आहे. १७८१ साली शोध लागलेला युरेनस न्यूटनच्या नियमांनी वर्तविलेल्या मार्गावरून ढळताना दिसू लागला. ‘अन्य ग्रह नसल्यास’ हे उपयोजनातील अनुक्त परंतुक तपासून अर्बेन ले व्हेरिए यांनी अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तविले आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन येथे योहान गाले यांना नेपच्यून त्या स्थानापासून एका अंशाच्या आत सापडला. याच ले व्हेरिए यांनी १८५९ साली बुधाच्या कक्षेतील एका अस्पष्टीकृत विचलनाकडे लक्ष वेधले. तेथेही अज्ञात ग्रहाची कल्पना करण्यात आली, त्याला ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले. तो कधीच सापडला नाही. शतकाला सुमारे ४३ विकला इतके ते विचलन १९१५ साली आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताने स्पष्ट झाले. दोन्ही प्रसंगी परंतुक शब्दशः एकच होते आणि ते वापरणारा गणितीही एकच होता. एकदा परंतुकाने नियम वाचला, दुसऱ्यांदा वाचला नाही. ज्या परंतुकामुळे नियम कधीच हरू शकत नाही ते रिक्त, अशी शंका घेणाऱ्यांनी बुधाचे प्रकरण लक्षात घ्यावयास हवे. येथे परंतुक असूनही नियम हरला.

पॉल पिएत्रोस्की व जॉर्ज रे यांनी १९९५ साली सुचविलेला निकष हाच फरक पकडू पाहतो. परंतुकयुक्त नियमाचा प्रत्येक अपवाद अशा घटकाने स्पष्ट झाला पाहिजे, ज्याला त्या अपवादापलीकडेही काही स्पष्ट करण्याचे काम आहे. नेपच्यून युरेनसचे विचलन स्पष्ट करतो आणि दुर्बिणीतही दिसतो. व्हल्कनला बुधाचे विचलन स्पष्ट करण्यापलीकडे दुसरा व्यवसायच नव्हता. निकष आकर्षक आहे, पण पुरेसा नाही. इअरमन व रॉबर्ट्स यांचे प्रतिउदाहरण त्याला भारी पडते. ‘इतर परिस्थिती समान असल्यास सर्व गोलाकार वस्तू विद्युत्वाहक असतात’ असा एक हास्यास्पद नियम घ्यावा. लाकडी चेंडू विद्युत्वाहक नाही, याचे स्पष्टीकरण लाकडाच्या रेणुरचनेत मिळते आणि ती रचना इतर अनेक गोष्टीही स्पष्ट करते. निकष पूर्ण झाला, पण नियम मात्र निरर्थकच राहिला. यात न्यून असे की, गोलाकाराचा विद्युत्वहनाशी काही संबंध असल्याचे कोठेच दाखविलेले नाही. अपवाद स्पष्ट करण्याची जबाबदारी घातली. नियमाच्या पूर्वांगाने काही कार्य केले पाहिजे, ही जबाबदारी राहून गेली.

ती जबाबदारी जॉन स्टुअर्ट मिल यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखली होती. नियम प्रत्यक्ष घटना सांगत नाहीत, प्रवृत्ती सांगतात, असे त्यांचे मत होते. विरोधी कारण असले तरी प्रवृत्ती नष्ट होत नाही. सांधे नसलेल्या, लांब वेल्ड केलेल्या रुळाचे उदाहरण येथे बोलके आहे. तापमान वाढले की पोलाद प्रसरण पावते, हा शालेय नियम. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास मोकळा असलेला एक किलोमीटर रूळ सुमारे ३५ सेंटिमीटर लांबला असता. परंतु स्लीपर आणि खडी यांनी जखडलेल्या अशा रुळाचा मधला भाग मुळीच लांबत नाही. नियमाचा अपवाद म्हणावा तर रूळ निष्क्रिय नाही. न झालेले प्रसरण दाबाच्या रूपाने पोलादात साठते आणि जखड सैल पडल्यास भर उन्हात रूळ वाकतो. येथे अडविलेल्या प्रवृत्तीची खूण स्वतंत्रपणे मोजता येते. गोलाकार लाकडी चेंडूत अडविलेल्या विद्युत्वहनाची अशी कोणतीही खूण नाही. पिएत्रोस्की व रे यांच्या निकषाला मिलची ही जोड दिली तर हास्यास्पद नियम गळून पडतात. मागणीचा नियम टिकतो, कारण हुनानमध्येही पर्यायता परिणाम नाहीसा झालेला नव्हता, त्यावर मात झाली होती. ही जोड सर्वत्र उपयोगी पडेल असे नाही. मानसशास्त्रातील अनेक नियमांच्या बाबतीत अडविलेली प्रवृत्ती मोजण्याचे साधनच उपलब्ध नसते आणि तेथे शिफर यांचा आक्षेप आपले बळ राखून आहे.

उपाधी

भारतीय तर्कपरंपरेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती नैयायिक मान्य करतो. जेथे अग्नी तेथे धूर, ही मात्र मान्य करीत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. हेतूचे असे साध्याविना आढळणे म्हणजे व्यभिचार. (मराठीत या शब्दाला चिकटलेला नैतिक अर्थ येथे बाजूस ठेवावा लागतो.) अग्नी आणि धूर यांचा संबंध ओल्या इंधनाच्या संयोगामुळे आहे, तो संयोग ही उपाधी. जेथे जेथे धूर तेथे तेथे उपाधी असते, परंतु जेथे जेथे अग्नी तेथे तेथे ती नसते. म्हणून अग्नी हा हेतू सोपाधिक ठरतो.

या विवेचनाचे वैशिष्ट्य असे की, येथे ‘इतर परिस्थिती समान असल्यास’ या मोघम पदसमूहाला जागा नाही. उपाधी आहे असे म्हणणाऱ्याने ती कोणती हे सांगावे लागते. वैयाकरणांच्या उत्सर्ग-अपवाद विचारातही अपवादाचा प्रदेश आधी आखून दिल्यावरच सामान्य नियम उरलेल्या प्रदेशात प्रवृत्त होतो. अर्थात व्याकरणात नियमकर्ता आणि अपवादकर्ता एकच असतो. निसर्गाने आपली सूत्रे अशी ग्रंथित करून ठेवलेली नाहीत.

चार्वाकाचा आक्षेप नेमका येथे येतो. दिसलेली उपाधी सांगता येईल, पण न दिसलेली उपाधी नाहीच हे कोणी जाणले? प्रत्येक व्याप्तीविषयी अशी शंका घेता येत असेल तर कोणतेही अनुमान सिद्ध होत नाही. शिफर यांच्या आक्षेपाशी याचे साम्य असले तरी दोन्ही एक नाहीत. शिफर विधानाच्या अर्थाविषयी शंका घेतात, चार्वाक त्याच्या ज्ञानाविषयी. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या आचरणाशी विरोध येईपर्यंतच शंकेची धाव असते. धुरासाठी अग्नी पेटविणारा, भूक भागविण्यासाठी अन्न शोधणारा मनुष्य त्या त्या कार्यकारणभावावर विसंबूनच वागत असतो. निश्चित उपाधी अनुमान मोडते. नुसती कल्पनेने उभी केलेली उपाधी ते मोडत नाही.

अनुक्त एकमत

मार्क लँग यांनी १९९३ साली व पुढे २००२ सालच्या उपर्युक्त विशेषांकात मांडलेली भूमिका उदयनाचार्यांच्या भूमिकेजवळ येते. धातूची पट्टी तापविली की अमुक प्रमाणात लांबते, हा नियम सांगताना ‘कोणी तिच्या टोकावर हातोडा मारीत नसल्यास’ असे कोणी लिहीत नाही. तरीही कोणते प्रसंग नियमाच्या कक्षेबाहेरचे, हे त्या शास्त्रातील अभ्यासकांना कळते. परंतुकाची यादी पूर्ण लिहून काढता येत नाही म्हणून त्याला अर्थ नाही, असे होत नाही. अर्थ अभ्यासकांच्या अनुक्त सामंजस्यात असतो. जेम्स वुडवर्ड यांनी त्याच अंकात याच्या उलट भूमिका घेतली. परंतुकयुक्त नियम अशी काही वस्तूच नाही असे त्यांचे म्हणणे. विशेष शास्त्रांना नियमांची गरज नाही. कोणत्या मर्यादेत हस्तक्षेप केले असता दोन घटकांमधील संबंध टिकून राहतो, एवढे सांगितले की पुरे.

लँग यांची भूमिका प्रयोगशाळेत पटते. मागणीच्या नियमापाशी मात्र ती अडते, कारण तेथे ते सामंजस्यच नव्हते. १८९५ पासून १९४९ पर्यंत अर्थशास्त्रज्ञ तेच शब्द वापरीत होते आणि कायम काय ठेवावयाचे, पैशातील उत्पन्न की वास्तव उत्पन्न, याविषयी त्यांच्यात एकमत नव्हते. आपल्यात एकमत नाही याची जाणीवही अनेकांना नव्हती. अनुक्त सामंजस्य आहे असे प्रत्येकाला वाटणे आणि ते प्रत्यक्षात असणे, यांतील अंतर केवळ शब्दांकडे पाहून कळत नाही. वुडवर्ड यांच्या भूमिकेत ही अडचण येत नाही, कारण तेथे मर्यादा उघड सांगावी लागते. नैयायिकाची मागणीही तीच आहे. तथापि वुडवर्ड यांची किंमत अशी की, हुनानमधील मध्यम गरीब, अतिदरिद्री आणि सधन कुटुंबे यांच्यासाठी तीन वेगवेगळे मर्यादित संबंध हाती राहतात. तिन्हींच्या मुळाशी असलेले पर्यायता व उत्पन्न परिणामांचे एकच गणित त्या मांडणीत पुढे येत नाही. ते गणित हवे असेल तर नियम हवा आणि नियम हवा असेल तर परंतुक टळत नाही.

मराठी क्रमिक पुस्तकांपुरते बोलावयाचे तर दुरुस्ती मोठी नाही. ‘इतर परिस्थिती’ऐवजी कायम ठेवावयाच्या घटकांची नावे नियमाच्या वाक्यातच यावीत आणि उत्पन्नाचा उल्लेख करताना ते पैशातील की वास्तव हे लिहावे. तसे केल्यास अपेक्षांमधील बदल अपवादांच्या यादीतून निघून गृहीतकांच्या यादीत जातो, प्रतिष्ठेच्या वस्तूंना स्वतंत्र परिच्छेद द्यावा लागतो, आयर्लंडचा बटाटा वगळावा लागतो आणि अपवादांच्या यादीत खऱ्या अर्थाने एकटी गिफेनची वस्तू उरते, तीही पैशातील उत्पन्न कायम धरले तरच.